एक सूर कमी

एका राज्यात काहीच संपेनासे झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. त्या राज्यात एक मुलगी शिकून परत आली.

तिचे नाव मेखला. सात डोंगरांपलीकडच्या कथाशाळेत ती बारा वर्षे शिकली होती. गोष्टीला गाठ कुठे मारावी आणि ती कुठे सोडवावी, याची जाड पोथी तिच्या काखेत होती. तिला वाटले होते, वेशीवर आंब्याच्या पानांचे तोरण असेल, ढोल वाजत असेल, आणि तिचे वडील, राजकथक धरणीधर, दोन्ही हात पसरून उभे असतील.

तोरण होते, पण अर्धेच. ते बांधणारा माणूस शिडीवर उभा होता. हातात एक पान आणि दातांत दोरा.

"झालेच हं, ताई," तो दातांतूनच म्हणाला. "एवढे एकच पान राहिले."

"सावकाश बांधा."

"सावकाशच चालले आहे. तीन वर्षे झाली."

ढोलही होता. ढोलवाला शेवटच्या ठोक्यापाशी येई आणि काठी हवेतच अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. पुढे एक लग्नमंडप लागला. अंतरपाट धरलेला होता. भटजी शेवटच्या मंगलाष्टकाच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचत, आणि ओळ घसरून मागे जाई. वऱ्हाडाच्या मुठींत अक्षता तशाच होत्या. त्यांची हळद तळहातांत मुरली होती.

"ताई," नवरदेव हळूच म्हणाला, "तुम्हाला पलीकडचे दिसते. नवरी कशी आहे, एवढे तरी सांगा."

अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला, "दमली आहे म्हणावे."

मेखला धावत दरबारात गेली.

धरणीधर आपल्या पाटावर बसले होते. उजव्या हाताचे एक बोट वर होते. लेकीला पाहून त्यांचे डोळे हलले, ओठ उघडले. ते म्हणाले, "आणि मग..."

आणि थांबले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आणि मग..."

खिडकीतले ऊन त्यांच्या तळहातातून आरपार जात होते. ते विरत चालले होते, बऱ्याच वेळा धुतलेल्या कापडासारखे.

"राजवैद्य म्हणतात, परवा सूर्य मावळेपर्यंतच," राजा मल्लराज म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

"हे झाले कसे, महाराज?"

"राज्याची रीत तुला ठाऊक आहे. सुगी सरली की वादक आणि कथक इथे पाठीला पाठ लावून बसतात. वादक वाजवतो. कथक ऐकतो आणि ऐकता ऐकता जे दिसेल त्याची गोष्ट करतो. आधी कोणी कोणाला काही विचारायचे नाही. त्या गोष्टीचा शेवट झाला की राज्याचे वर्ष संपते. तीन वर्षांपूर्वी किंगरी वाजवणाऱ्या सिदोबाने शेवटी चूक केली. मांत्रिक कपिलाक्ष पाहुणा म्हणून आला होता. त्याने राज्यातले सगळे शेवट आपल्या गडव्यात कोंडले आणि तो निघून गेला. सिदोबाला मी हद्दपार केले."

मेखलेने पोथी उघडली. तिच्यात एक कोष्टक होते: कोणत्या सुराला कोणता रस, कोणत्या रसाला कोणता शेवट. तिने लेखणी घेतली आणि वडिलांच्या गोष्टीला नेमका बसेल असा शेवट लिहिला. शेवटचा शब्द कागदावर उतरला, आणि त्याची शाई उलटी चढून लेखणीत परत गेली.

"इथे नाही लिहिता येणार," राजा म्हणाला. "गडवा सीमेपलीकडच्या टेकडीवर आहे."

"मग मी तिथे जाऊन लिहीन," मेखला म्हणाली. तिला स्वतःबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

वाटेत नदीचा उतार लागला. त्या मुलखात रीत अशी, की कोणी उतार ओलांडू लागला की काठावरच्याने हात वर धरून उभे राहायचे. जाणाऱ्याने मागे वळून तो हात पाहायचा आणि त्याच्या रेषेत चालायचे. पलीकडे गेल्यावर 'पोहोचलो' अशी हाक द्यायची, मगच काठावरच्याने हात खाली घ्यायचा. मेखला एकटीच उतरली. पलीकडे पोहोचली. हाक द्यायला मागे कोणी नव्हते.

टेकडीवर एक उंबर होता. त्याच्या बुंध्याशी कपिलाक्ष टेकून बसला होता. त्याचे वय तीनशे वर्षे होते. शेवट कोंडण्याचा त्याचा उद्योग जुना होता; स्वतःचा शेवटही त्याने फार पूर्वीच गडव्यात कोंडला होता, म्हणून त्याला तो येत नसे, आणि झोपही लागत नसे. गडवा फांदीला टांगलेला होता. त्यावर एक साळुंकी बसली होती, आणि बोलत होती तीच.

"आणखी एक आली," साळुंकी म्हणाली. "काखेत पोथी. म्हणजे शिकलेली."

"झाकण उघड," मेखला म्हणाली.

"झाकण मी उघडत नाही, ते आतून उघडते. सगळे शेवट या गडव्यात आहेत आणि गडवा काठोकाठ भरला आहे. यात नाही असा एक शेवट आण, की तो उतू जाईल. तीनदा सूर ऐक, तीनदा गोष्ट सांग. दिवसाला एक. चौथ्यांदा तोंड उघडलेस तर तूही 'आणि मग'."

पायथ्याशी वेळूचे बन होते. वारा वेळूंच्या भोकांतून वाजत होता. लांब, खाली उतरणारा सूर. मेखलेने कोष्टक पाहिले: उतरता सूर, करुण रस. ती परत आली आणि तिने एका राणीची गोष्ट सांगितली. राणी गवाक्षात बसून रडते, तिचा राजा युद्धावरून येत नाही, शेवटी तिची पाषाणमूर्ती होते.

साळुंकीने पंखाखाली चोच खुपसून चांगले खाजवून घेतले.

"ही बाई माझ्या ओळखीची आहे," ती म्हणाली. "तुमच्या शाळेतून जो येतो तो हिलाच घेऊन येतो. गडव्यात अशा चाळीस रडताहेत. जा."

दुसऱ्या दिवशी मेखलेने पोथी उघडली नाही. ती नदीच्या धारेपाशी बसली. पाणी दगडांवरून झांजा वाजवत जात होते. तिने डोळे मिटून मन लावून ऐकले आणि ऐकले ते सगळे गोष्टीत घातले. पांढरे घोडे दौडत आले, त्यांच्या टापांतून चांदी उडाली, ते वळले, आदळले, फुटले आणि समुद्रात विरून गेले.

"छान आहे," साळुंकी म्हणाली. "पण ही तर नदी आहे. मला ती इथून दिसते. घोडे लावून सांगितलीस म्हणून काय झाले? जा."

मेखला वेळूच्या बनात येऊन बसली आणि रडू लागली. बारा वर्षांत जे जे शिकली, ते एका पाखराने दोन दिवसांत संपवले होते. उद्या सूर्य मावळला की वडील नाहीत.

"रडतेस ते बरोबर सुरात नाही," कोणीतरी म्हणाले.

बनात एक झोपडी होती. दारात एक म्हातारा नारळाच्या करवंटीला तार बांधत होता. ती किंगरी होती आणि म्हातारा सिदोबा होता.

"तुमच्या चुकीने हे झाले," मेखला म्हणाली.

"झाले खरे. काय चूक ते सांगितले का महाराजांनी?"

"नाही."

"मग माझ्याकडून ऐक, पोरी. चेहरा तुझ्या बापाचाच आहे. आम्ही वादक सगळे वाजवतो, पण शेवटचा सूर वाजवत नाही. घराच्या उंबऱ्यापर्यंत नेतो आणि तिथे सोडतो. ती जागा कथकाची. त्याचे शेवटचे वाक्य तिथे येऊन टेकते. तू लहानपणी दरबारात डुलक्या घ्यायचीस, तुला काय आठवणार! त्या दिवशी तो कपिलाक्ष म्हणाला, 'महाराज, तुमचा वादक अर्धवट वाजवतो वाटते?' महाराजांना पाहुण्यापुढे लाज वाटली. म्हणाले, सिदोबा, पूर्ण कर. मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा महाराजांनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली आणि मी सूर वाजवला. तुझ्या बापाला टेकायला जागा उरली नाही. सूर नुसता भटकत राहिला. मांत्रिकाने गडवा पुढे केला, सूर आत गेला. मग त्याच्यामागे सगळे शेवट गेले, मेंढीमागे मेंढ्या जातात तसे."

मेखला त्याच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "बुवा, मला सूर ऐकून गोष्ट दिसत नाही. सूरच दिसतो."

"कारण तू त्याच्याकडे बघतेस. म्हणून तर आम्ही पाठ लावून बसतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघे टेकडीवर चढले आणि उंबराखाली पाठीला पाठ लावून बसले. सिदोबाने गज तारेवर ठेवला. मेखलेला त्याची बोटे दिसत नव्हती. त्याचा श्वास मात्र तिच्या पाठीला कळत होता. तिने ऐकायचे ठरवले नाही आणि न ऐकायचेही ठरवले नाही.

सूर हलकाच होता, जरासा खेळकरही. पोथीप्रमाणे त्यात हास्यरस होता. पण मेखलेच्या डोळ्यांपुढे आला तो नदीचा उतार. ती दहा वर्षांची होती. बाबा काठावर हात वर करून उभे होते. ती पलीकडे पोहोचली, आणि शाळेच्या ओढीने तशीच पळत सुटली. तिने हाक दिली नव्हती. बारा वर्षांत तिला हे एकदाही आठवले नव्हते.

ती बोलू लागली. पण जे आठवले ते तिने सांगितले नाही. त्याच्यापलीकडून एक दुसराच माणूस चालत आला होता.

"एक कोष्टी होता. तो नदीच्या उतारावर हात वर करून उभा होता, कारण त्याची लेक पलीकडे निघाली होती. ती मध्यावर असताना धुके आले. हाक आली नाही. कोष्टी हात खाली घेईना; घेतला तर लेक वाट चुकेल. घरी माग तसाच राहिला, त्यावरच्या अर्ध्या लुगड्यात कोळ्यांनी आपले धागे विणले. त्याच्या तळहातावर पाखरांनी घरटे केले. गावकरी म्हणाले, 'वेड्या, ती केव्हाच गेली.' कोष्टी म्हणाला, 'गेली हे मी पाहिले. पोहोचली हे मी ऐकले नाही.' पावसाळे गेले. धुके काही उठले नाही."

किंगरी उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. एक सूर राहिला. टेकडीवर वारासुद्धा पडला.

साळुंकीने मान वाकडी केली. तिला पुढचे ठाऊक नव्हते. कितीतरी वर्षांत प्रथमच तिला विचारावे लागले.

"आणि मग?"

मेखलेला वाटले, ही जागा आपलीच वाट पाहत होती.

"आणि मग एके दिवशी पलीकडून हाक आली. आवाज म्हातारीचा होता. ती म्हणाली, 'बाबा, पोहोचले.'"

वाक्य राहिलेल्या सुराच्या जागी जाऊन टेकले. गडव्याचे झाकण उडाले. शेवट बाहेर पडले, थव्याथव्याने, आणि सीमा ओलांडून आपापल्या घरी गेले. कपिलाक्षाने एक मोठी जांभई दिली आणि उंबराला टेकून झोपला. तीनशे वर्षांची झोप बाकी होती. ती त्याला लागली, आणि त्यातून तो उठला नाही. साळुंकी त्याच्या खांद्यावर थोडा वेळ बसली, मग तीही उडून गेली.

वेशीवर शेवटचे पान ओवले गेले. ढोलावर ठोका पडला. मंडपात अंतरपाट सरला, अक्षता उडाल्या, आणि नवरदेव नवरीकडे पाहून म्हणाला, "आधी बसून घेऊ या."

मेखला सिदोबाला घेऊन दरबारात शिरली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. धरणीधरांचा हात पुन्हा हाताएवढा दाट झाला होता. त्यांनी वर धरलेले बोट खाली घेतले.

"आणि मग राजाने घोड्यावरून उतरून स्वतःच पाणी भरले," ते म्हणाले.

शेवट साधाच होता. पण तीन वर्षे वाट पाहिल्यामुळे दरबाराला तो फार आवडला. धरणीधर लेकीकडे वळले.

"हाक ऐकू आली," ते म्हणाले. "उशिरा आली, पण आली."

मग राजा मल्लराज सिंहासनावरून खाली उतरला. भरल्या दरबारात त्याने सांगितले, की सिदोबाने चूक केली ती माझ्या आज्ञेने, आणि आज्ञा मी केली ती लाजेने. त्याने सिदोबाला हाताला धरून त्याच्या पाटावर बसवले. "मेखले," तो म्हणाला, "तुझे वडील आता थकले. राजकथकाचा पाट तुझा. उद्या सकाळी उत्तर दे."

सकाळी मेखला वडिलांना घेऊन नदीच्या उतारावर आली. सिदोबा आधीच येऊन बसला होता. त्याची किंगरी फडक्यात गुंडाळलेली होती. मेखलेच्या काखेत पोथी होती. कोष्टकाच्या पानावर तिने शेवटचा रकाना पुसून कोरा ठेवला होता.

"बाबा, पाट सुगीपर्यंत तुम्हीच सांभाळा, आणि महाराजांना तसे सांगा. मी सिदोबांना घेऊन शाळेत परत जाते आहे. तिथे चाळीस मुले एकाच राणीला रडवत बसली आहेत. त्यांना एकदा पाठीला पाठ लावून बसवायचे आहे. सुगीला मी इथे असेन."

धरणीधरांनी उजवा हात वर केला. मग विचारले, "किती वेळ धरू?"

"हाक येईपर्यंत," मेखला म्हणाली आणि पाण्यात उतरली.