रुंजीची शाळेची वाट

पूर्वी सह्याद्रीच्या रानात शेकरूंची शाळा एका उंच ऐनाच्या शेंड्यावर भरत असे. शेजारच्या आंब्यावर रुंजी नावाची शेकरूची पोर राहायची. मोठ्या आजारानं तिच्या पायांतलं बळ गेलं होतं. उडी मारणं तर दूरच, चार पावलं चढली तरी तिला धाप लागायची.

भुरके गुरुजी म्हणाले, "बाळ, तू घरीच थांब. मी रोज येऊन शिकवीन."

"पण गुरुजी, मला सगळ्यांबरोबर बसायचंय!" रुंजी रडवेली झाली.

"मग शाळाच खाली आणता येईल का?" आईनं विचारलं.

"खाली बिबट्या येतो हो. इतकी पोरं कशी सांभाळू?"

तेवढ्यात रुंजीची मैत्रीण झुपकी ओरडली, "मग वाटच सोपी करू या!"

झालं! सगळी पोरं कामाला लागली. त्यांनी गारंबीची जाड वेल ओढून आंब्यापासून ऐनापर्यंत नेली, हळूहळू चढत जाईल अशी. पण अर्ध्या वाटेवरच रुंजीचा दम संपला आणि तिला उचलून परत आणावं लागलं. तेव्हा पोरांनी वेलीवर जागोजागी विसाव्याची घरटी बांधली.

दुसऱ्या दिवशी रुंजी पुन्हा निघाली. थोडी चढली, घरट्यात टेकली, पुन्हा चढली. आई श्वास रोखून बघत होती. वरून सगळे ओरडले, "आली, आली, रुंजी आली!"

शेंड्यावर पोचताच ती झुपकीच्या कानाशी लागली आणि जी बोलत सुटली, ती थांबेचना.

"रुंजी! वर्गात गप्पा नकोत!" गुरुजी कडाडले.

आजारी पडल्यापासून तिला कुणी रागावलंच नव्हतं. रुंजी आनंदानं फुलून गेली.