उष्टं धनुष्य

एका डोंगरी राज्यात तुळजा नावाची तिरंदाज होती. किल्ल्याच्या पहाऱ्यावर तिची निवड झाली. मापाचं नवं धनुष्य घडवून घ्यावं का, या विचारात ती असतानाच वयामुळे हात थरथरू लागलेल्या तिच्या गुरूंनी, भानजींनी, टोकं पुढे वळलेलं आपलं शिंगाचं धनुष्य तिला दिलं. दोरी ओढून पाहताच ते तिच्या हाताला असं बसलं, की नव्याचा विचारच मावळला.

दरबारात मात्र सरदार मानाजीराव कडाडले, "राजाच्या पहारेकऱ्याच्या हाती दुसऱ्याचं उष्टं धनुष्य? नवं घडवून घे, नाहीतर पहारा सोड! वापरलेली वस्तू या दरबारात शोभत नाही."

तुळजा हात जोडून म्हणाली, "जशी आज्ञा. फक्त सरदारांनी एवढं सांगावं, महाराज बसलेत ते सिंहासन नवं की वापरलेलं?"

महाराज खळखळून हसले. "आजोबांपासूनचं आहे. म्हणूनच रोज नमस्कार करून बसतो. पहारा तुझाच, तुळजा!"

ती थेट भानजींकडे धावली आणि तिने त्यांचे पाय धरले.

"गुरुजी, नवं घेतलं असतं, तर आज मी नमस्कार कुणाला केला असता?"

भानजींनी डोळे पुसले. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "ऊठ पोरी, पहाऱ्याला उशीर होईल."