नरहरबुवांनी केलेली नक्कल

कृष्णाकाठच्या सोनतळीस धुंडीनाथ महाराजांचा मठ होता, त्या काळची ही गोष्ट. भाविकहो, ऐकताना नरहरबुवांना फार नावे ठेवू नका; दुसऱ्याच्या व्यंगाला आपण सारेच कधी ना कधी हसलेलो असतो.

बुवा म्हणजे संगीत नाटक मंडळीचे नायक. गळा असा, की गावोगावचे रसिक त्यावरून जीव ओवाळून टाकत. उत्सवासाठी मंडळी सोनतळीस उतरली होती. मठात रोज भूपाळी म्हणायची ती ठकूबाई. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभी राहून पाखरे हाकताना ओरडून ओरडून बिचारीचा घसा कायमचा बसलेला. दर्शनाला आलेल्या बुवांनी तिची भूपाळी ऐकली आणि ओसरीवर येऊन मंडळींपुढे हुबेहूब नक्कल केली. सारे पोट धरून हसले. ठकूबाई दारातच उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. बुवांना ती दिसली होती, तरी त्यांनी आणखी एक ओळ म्हटली!

संध्याकाळी पडदा उघडला. बुवांनी नांदीला सूर लावला, आणि गळ्यातून निघाला ठकूबाईचा फाटका आवाज! मंडळीतले लोक हसले; त्यांना वाटले, बुवा अजून नक्कलच करताहेत. बुवांनी खाकरून पुन्हा सूर लावला. पुन्हा तोच आवाज. मग मात्र कोणी हसेना. बुवांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. खेळ मोडला. ज्येष्ठमध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या, पण गुण येईना. आणि तोंडाला पदर लावलेली ती बाई डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी मान खाली घालून ते महाराजांकडे गेले. महाराज म्हणाले, "बुवा, गळ्याला विसावा द्या. बोलू नका, कुजबुजूही नका. कुजबुजीने घसा अधिकच शिणतो. आणि पहाटे ठकूबाईच्या मागे बसून नुसते ऐका."

पहाटे ठकूबाईने भूपाळी सुरू केली आणि काय चमत्कार! तिच्या मुखातून बुवांचाच आवाज निघाला. तोच गोडवा, तीच फिरत. पण ऐट म्हणून नाही. आपला आवाज इतका सुंदर बुवांनी कधी ऐकला नव्हता. त्यांना धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले.

ठकूबाई मात्र घाबरून मध्येच थांबली. "महाराज, ह्यो आवाज माझा न्हवं. ज्येचा त्येला द्या."

"अगं, गोड आहे. ठेव की," महाराज हसून म्हणाले.

"ग्वाड हाय, पर ह्या बुवांचं प्वाट हाय त्येच्यावर. माझं काय! द्येवाला माझा फाटकाच वळखीचा हाय."

बुवांचा बांध फुटला. मौन विसरून "आई, चुकलो!" म्हणत त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले. शब्द त्यांच्याच आवाजात उमटले होते, पण त्यांना त्याचे भान नव्हते. ते रडत होते, आणि पाय मागे घेत ठकूबाई आपल्या बसक्या आवाजात म्हणत होती, "उठा बाबा, उठा. पाया पडायचं तर द्येव आत हाय."