वाळक्या गवताचा वास

फार पूर्वी वेत्रवतीच्या काठी नंदिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या खिल्लारात पोळ म्हणजे वळू होऊन जन्मले होते. खिल्लार डोंगरावर चरत असे.

राजाची गाईंवर फार माया. पण अति तिथे माती. राजाच्या गाईंनी वाळके गवत खावे, याची त्याला लाज वाटू लागली. त्याने पोळासकट त्यांना नगरातल्या दगडी गोठ्यात आणले आणि भिजवलेले दाणे, कोवळे सातू चारू लागला. कडब्याची काडीही आत येऊ द्यायची नाही, अशी ताकीद होती.

हळूहळू गोठा मुका झाला. एकही गाय रवंथ करीना. अंगावरची तकाकी गेली, गाई भिंतीचा चुना चाटू लागल्या. आणि एके सकाळी पिंगला नावाची गाय जुने हाड चघळताना दिसली.

नगरात बोभाटा झाला. पुरोहित म्हणाला, "गाय हाड खाते म्हणजे तिच्यात पिशाच शिरले आहे. तिला मारले नाही, तर राज्य बुडेल." राजा रडला, पण त्याने होकार दिला.

पिंगलेला न्यायला माणसे आली, तेव्हा पोळ दावे तोडून तिच्यापुढे उभा राहिला.

"महाराज, हिला कोणी झपाटलेले नाही," तो म्हणाला. "भरड चारा पोटात गेल्याशिवाय आम्हाला रवंथ होत नाही, आणि रवंथाशिवाय खाल्लेले अंगी लागत नाही. डोंगरावर आम्ही गवत, रानवेल, झाडपाला खात होतो, खारी माती चाटत होतो. हाडांना बळ त्यातून मिळायचे. ते या दाण्यांत नाही, म्हणून बिचारी हाड चघळते."

"आणि तुझे बोलणे खोटे ठरले तर?"

"तिला डोंगरावर सोडा. मी इथे ओलीस राहतो. परतल्यावर तिने हाडाला तोंड लावले, तर आधी माझी मान कापा."

पिंगला गेली. पोळ दाव्याला राहिला. संध्याकाळी डोंगरावरून वारा येई, त्याला वाळक्या गवताचा वास असे. मग त्याला बेहड्याखालची ती सावली आठवे, जिथे सारे खिल्लार दुपारभर डोळे मिटून रवंथ करीत बसे. त्याचे डोळे भरून येत आणि पुढ्यातले दाणे तसेच राहत.

डोंगर पार पिवळा पडला, तेव्हा पिंगला परतली. अंग तुकतुकीत झाले होते. राजाने तिच्या वाटेत मुद्दाम हाड टाकून ठेवले होते. ते ओलांडून ती पोळाशेजारी बसली आणि शांतपणे रवंथ करू लागली.

राजाने स्वतः सगळ्या गाईंची दावी सोडली. पोळाला मात्र उठवेना, त्याचे गुडघे खचले होते. तेव्हा राजा डोंगरावर गेला आणि वाळक्या गवताचा भारा आपल्या डोक्यावरून घेऊन आला. पोळाने एक घास घेतला.

"आमच्या बेहड्याखालचे आहे," तो म्हणाला. मग डोळे मिटून रवंथ करता करता त्याने प्राण सोडला.

ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे नको नको म्हटले तरी तुमच्या पात्रात तूप ओतणारा हा उपासक महीपाल. पिंगला म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी भद्रिका. भिक्षेला जाताना ती वाटेवरची वाळकी काडी उचलून हुंगते आणि तिला रडू येते; का, ते तिला कळत नाही. पोळ मीच होतो. ज्या डोंगरासाठी आपला जीव तुटतो, त्या डोंगरावर दुसऱ्याला धाडून आपण दाव्याला राहणे, याला करुणा म्हणतात."