उत्तरपूजा राहिली

एकदा एक पेठ होती, रंगाऱ्यांची, आणि तिला अचानक आपल्या जुनेपणाची लाज वाटू लागली.

ही लाज आपोआप आलेली नव्हती. दूरदेशीचा एक व्यापारी कापड घ्यायला आला होता. बायका-पुरुष कोपरापर्यंत हात बुडवून रंगाच्या हौदात तागे फिरवताहेत, हे त्यानं काठावर उभं राहून पाहिलं आणि म्हणाला, "अजून हातानंच करता?" एवढंच बोलला आणि माल घेऊन गेला. पण पेठेच्या महाजनांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

महाजनांनी ज्येष्ठांची सभा बोलावली. पेठेत नवं काही घडावं यासाठी काय करावं, यावर पुष्कळ विचारमंथन झालं. हौदावर राबणाऱ्या कुणालाच बोलावलेलं नव्हतं, त्यामुळे सभा सुरळीत पार पडली. ठरलं असं, की एक दालन बांधायचं. त्याचं नाव नवदालन. जो कोणी नवं साधन घडवील, त्याचं साधन तिथे सन्मानानं ठेवायचं. दालन झालंही सुरेख. पेठेतल्या कुठल्याच घराला नव्हत्या एवढ्या मोठ्या खिडक्या त्याला होत्या. बघता बघता त्यालाही बरीच वर्षं झाली.

त्याच पेठेत दाजीबा नावाचे वृद्ध रंगारी राहत. अर्धी पेठ त्यांच्या हाताखाली शिकलेली. भांडणं त्यांच्यापुढे मिटत, लग्नं त्यांना विचारून ठरत. ते फार कमी बोलत. कमी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला आपल्याकडे लगेच ज्ञानी ठरवतात, पण दाजीबा खरोखर ज्ञानी होते. पुढची सगळी अडचण तीच आहे.

त्यांचा सोनबा नावाचा एक शिष्य होता. आईबाप लहानपणीच गेलेले, थोरल्या बहिणीनं वाढवलेला. ही गोदाक्का हौदावर तागे फिरवायची. रंगाच्या पाण्यात चुना असतो, खार असतो. कापडावर रंग पक्का बसतो तो त्यांच्यामुळे, आणि हातांची कातडी जाते तीही त्यांच्यामुळेच. अक्काची बोटं आता आत वळू लागली होती. वैद्यानं हात उलटसुलट करून पाहिले आणि सांगितलं, "आत्ता या पाण्यातून बाहेर काढलेस तर सुटतील. येती लग्नसराई अशीच काढलीस, तर मग बोटं मिटतील ती कायमची मिटतील."

"हात बाहेर काढते," अक्का म्हणाली. "जेवायला तुमच्याकडे येऊ?"

वैद्य तेलाची बाटली शोधू लागला.

सोनबानं विहिरीवरचा रहाट पाहिला होता. तसाच एक लाकडी रहाट त्यानं घडवला. परसातल्या दगडी डोणीवर तो बसवला, ताग्याचं एक टोक त्याच्यावरून घेतलं आणि दांडा अक्काच्या हाती दिला.

"फिरव."

"विहीर कुठाय?"

"डोण हीच विहीर. पाण्याऐवजी कापड वर येईल."

अक्कानं दांडा फिरवला. कापड रंगात बुडालं, वर आलं, निथळलं, पुन्हा बुडालं. तिनं थांबून स्वतःचे कोरडे हात पाहिले.

"हे काम केल्यासारखं वाटतच नाही रे. कुणी बघितलं तर कामचुकार म्हणेल."

"म्हणू दे."

"म्हणू दे तर म्हणू दे. आण दुसरा तागा."

परसातल्या डोणीत घरचं लुगडं रंगतं, लग्नसराई रंगत नाही. मोठे हौद पेठेच्या मालकीचे. त्यांच्यावर काही बसवायचं तर महाजनांची अनुमती हवी. सोनबा महाजनांकडे गेला तेव्हा त्याच्या मनात भीती होती, की ते नाही म्हणतील.

महाजनांनी त्याला मिठी मारली. त्यांचे डोळे भरून आले. नवदालन बांधल्याचं सार्थक झालं, असं ते चार जणांत म्हणाले. खंडेनवमी जवळ आली होती. त्या दिवशी पेठेत सगळ्या अवजारांची पूजा होते. रहाट वाजतगाजत नवदालनात नेला, उंच ओट्यावर बसवला, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. सोनबाला फेटा बांधला. अक्का गर्दीत मागे उभी होती. तिनं पदरात हात लपवले होते, पण ती हसत होती.

दसरा झाल्यावर सोनबा रहाट घ्यायला गेला.

"नेतोस कुठे?" महाजन म्हणाले. "पूजेतली वस्तू आहे ती. उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायची कशी?"

हा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. पूजेला मांडलेली वस्तू उत्तरपूजा होईपर्यंत जागची हलवायची नाही, वापरायची तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यावर अक्षता टाकायच्या, ती किंचित सरकवायची, आणि मग कामाला लागायचं. घरोघरच्या कात्र्या आणि पळ्या तशा कामाला लागल्याही होत्या.

"मग उत्तरपूजा करा," सोनबा म्हणाला.

"करायची ना. घाई काय आहे? तत्त्वतः तुझा रहाट आम्हाला मान्य आहे."

"हौदावर कधी येईल?"

"मान्य आहे म्हणतोय ना."

"मग मी दुसरा घडवतो."

"मूळ रहाट पूजेत असताना नक्कल हौदावर बसवायची? स्वतःच्याच वस्तूचा अपमान करशील?" महाजनांनी मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हौद पेठेचे आहेत, बाळा. तुझ्या परसातले नाहीत."

थोड्याच दिवसांत तो दूरदेशीचा व्यापारी, इतक्या वर्षांनी, पुन्हा आला. या खेपेस महाजनांनी त्याला हौदावर नेलंच नाही, थेट नवदालनात नेलं. व्यापारी प्रभावित झाला. पेठ काळाबरोबर चालते आहे, असं म्हणाला आणि लग्नसराईसाठी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक माल सांगून गेला. तो माल कुणाच्या हातांनी रंगणार होता, हे त्यानं विचारलं नाही. अक्का पहाटे हौदात हात घालायची ते दिवेलागणीला काढायची.

सोनबा दाजीबांकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काठी घेतली आणि काही न बोलता त्याला नवदालनात नेलं.

तिथे रहाट एकटा नव्हता. धूर वर नेणारी एक चूल होती. एकट्या माणसाला चालवता येईल अशी ताग्यांची पिळणी होती. आणखीही बरंच काही होतं. एकेकाळी कुणीकुणी उपाशी राहून, शिव्या खाऊन ते घडवलेलं. प्रत्येकावर हळदीकुंकवाची जाड पुटं चढली होती. पिळणीचा दांडा कुठला आणि पाय कुठले, हेही आता कळत नव्हतं.

दाजीबा रहाटापुढे गेले. त्यांनी वाकून त्याला नमस्कार केला आणि माळेतून गळून पडलेलं एक फूल उचलून परत त्याच्या दांड्यावर ठेवलं.

सोनबा म्हणाला, "दाजीबा, मी याला सोडवा म्हणून आलो. तुम्ही त्याची पूजा करता?"

तेव्हा दाजीबा बोलले. "वत्सा, नव्याला नकार देणारी पेठ मूर्ख असते. नाकारलेली वस्तू मागल्या दारानं परत येते. लोक तिच्याविषयी बोलत राहतात, तिच्यासाठी भांडतात. आपली पेठ मूर्ख नाही. ती नव्याला ओट्यावर बसवते. ओट्यावर बसलेल्याला कुणी कामाला जुंपत नाही, आणि पुजलेल्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. धूर गेला नाही, पण चुलीचा सन्मान झाला. हात जळायचे थांबले नाहीत, पण रहाटाला माळ मिळाली. ज्याला बदल नको असतो, त्याला विरोध करावा लागत नाही. त्यानं नुसती आरती ओवाळली तरी पुरतं."

बोलणं खरं होतं. अक्षर न अक्षर खरं होतं. आजवर असं बोलणं ऐकून शिष्य पायावर डोकं ठेवत आले, कथा तिथेच संपत आली, आणि ऐकणारे विचारमग्न होऊन घरी जात आले. तुम्ही जिथे नोकरी करता, तिथेही असं एक दालन असेल. त्याला हल्ली नवोपक्रम कक्ष म्हणतात, हळदकुंकवाऐवजी फीत कापतात, आणि त्यातला प्रकल्प कामाला कधी लागणार असं विचारलं तर तो प्रायोगिक तत्त्वावर आहे असं सांगतात. तिथेही हे सगळं नीट समजलेला एखादा ज्येष्ठ असतो. निवृत्तीच्या भाषणात तो ते सांगतो.

सोनबानं पायावर डोकं ठेवलं नाही. त्यानं विचारलं, "तुम्हाला हे केव्हापासून ठाऊक आहे?"

"ही पिळणी आली तेव्हापासून."

"उत्तरपूजा कुणी करायची असते?"

दाजीबा काठीच्या मुठीकडे पाहू लागले. "पेठेतल्या सर्वांत ज्येष्ठानं."

"म्हणजे तुम्ही."

"मी."

"चार अक्षता टाकायच्या आणि जरासं सरकवायचं. एवढंच ना?"

"एवढंच. पण मी ते केलं तर पेठेत दोन तट पडतील. महाजन दुखावतील. प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते, सोनबा."

"अक्काच्या बोटांचीही आहे. वैद्यानं सांगितली आहे."

यावर ज्ञानी माणसं जे करतात तेच दाजीबांनी केलं. त्यांनी डोळे मिटले.

लग्नसराई आली, गेली. गावोगावच्या नवऱ्या त्या वर्षी फार सुरेख रंगाचे शालू नेसल्या.

पुन्हा खंडेनवमी आली. या वर्षी महाजनांना एक कल्पना सुचली होती. रहाटाच्या निर्मात्याची बहीण, जिनं आपलं आयुष्य हौदाला वाहिलं, तिचाही सत्कार करायचा. व्यापाऱ्यालाही बोलावलं होतं. गोदाक्काला पुढे आणलं. महाजनांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, चार शब्द बोलले आणि नारळ पुढे केला.

अक्कानं पदराखालून हात काढले. बोटं तळव्यांत रुतून बसली होती, दोन मुठींसारखी. त्या मुठींवर महाजनांनी नारळ ठेवला. तो घरंगळला, फरशीवर आपटला आणि गडगडत पिळणीच्या ओट्याखाली गेला.



"तिला भरून आलं," महाजन व्यापाऱ्याला म्हणाले. मग अक्काकडे वळून हळूच, "जरा जपून धरायचा, अक्का."

"जपायला बोटं लागतात, महाजन," अक्का म्हणाली. "तुमच्या रहाटालाच द्या तो नारळ. त्याचे हात शाबूत आहेत."

महाजनांनी घाईनं पुढचा विधी सांगितला. तो दरवर्षीचाच होता. दाजीबांना चौरंगावर बसवायचं, गळ्यात हार घालायचा, आणि एकेक शिष्यानं पाया पडून आशीर्वाद घ्यायचा. रांग लागली. दाजीबा प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होते.

सोनबाची पाळी आली. तो वाकला नाही. त्यानं पूजेच्या ताटातून मूठभर अक्षता घेतल्या आणि दाजीबांच्या डोक्यावर टाकल्या. मग चौरंगाला दोन्ही हात लावून, त्यावर बसलेल्या म्हाताऱ्यासकट तो वीतभर सरकवला. पाय फरशीवर घासल्याचा कर्कश आवाज झाला.

"हे काय करतोस?" महाजन ओरडले. "वेड लागलं का?"

सोनबानं उत्तर महाजनांना दिलं नाही. तो दाजीबांशी बोलला, आणि आवाज चढवून बोलला नाही. "या दालनात सगळ्यांत जुनी पूजेतली वस्तू तुम्हीच आहात, दाजीबा. आम्ही आलो, हार घातले, पाया पडलो आणि तुम्हाला काही करायला लागू नये एवढा मान दिला. तुम्हालाही तो मानवला. तुमची उत्तरपूजा राहून गेली होती."

दाजीबांच्या पांढऱ्या केसांत अक्षता अडकल्या होत्या. त्यांनी त्या झटकल्या नाहीत. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. रंगाऱ्याचे हात, पण सरळ बोटांचे. ज्येष्ठ झाल्यापासून त्यांना हौदात हात घालावा लागलाच नव्हता. मग त्यांनी गळ्यातला हार काढून चौरंगावर ठेवला आणि उतरले. ताटातल्या उरलेल्या अक्षता चिमटीत घेतल्या. पिळणीवर टाकल्या, चुलीवर टाकल्या, शेवटी रहाटावर टाकल्या. रहाटाला हात लावून तो किंचित हलवला. लाकूड कुरकुरलं.

एवढंच करायचं होतं.

व्यापारी महाजनांच्या कानाशी लागून, हा विधी फार हृद्य आहे, असं काहीसं म्हणाला.

हौदावरच्या बायकांनी रहाट उचलला आणि दाराबाहेर नेला. अक्का त्यांच्यामागून चालत होती. शाल खांद्यावरून घसरली, ती तिला सावरता आली नाही. तिच्यासाठी त्या रहाटाचा दांडा आता नुसताच एक दांडा होता. तो धरणारे हात दुसऱ्यांचे असणार होते.

दाजीबा रिकाम्या ओट्यापाशी उभे होते. निघालेल्या सोनबाकडे पाहत ते थोडा वेळ थांबले. उत्तरपूजेत अक्षता टाकल्यावर निरोपाचा एक शब्द म्हणायची रीत आहे, पुन्हा या म्हणायची. तेवढं ऐकायला ते थांबले होते.

सोनबा ते म्हणाला नाही.