राणीचा खोपा, राजकन्येचा चेहरा

एका राज्यात राणी जसे केस बांधी, तसेच साऱ्या बायकांनी बांधावे, असा रिवाज होता. राणी कुमुदिनीचा चेहरा वाटोळा. ती डोईवर उंच खोपा घाली, म्हणून तो चेहरा रेखीव दिसे. मग लांब तोंडाच्या, चौकोनी जबड्याच्या, रुंद कपाळाच्या साऱ्याजणी उंच खोपे घालून हिंडत. कुणाला शोभे, कुणाला मुळीच शोभत नसे. पण आरशाचे ऐकतो कोण?

पुढे राणी वारली. राजा धवलसेनाने अन्न टाकले. त्याने कालकंठ नावाच्या मांत्रिकाला बोलावले आणि राणी पुन्हा दिसू दे, असे मागणे मागितले. मांत्रिकाने राणीच्या खोप्यातले सोन्याचे फूल मंत्रून दिले. हे मुलीच्या खोप्यात खोवशील तर तिच्यात तुला राणी दिसेल, पण फूल मुलीचा चेहरा खाईल, असे त्याने बजावले. राजाने पहिले तेवढे ऐकले. दुःखी माणसे अर्धेच ऐकतात, आणि हा तर राजा.

राजकन्या मृणालवतीचा चेहरा बापासारखा लांबट. राजाने तिला आईसारखा उंच खोपा घालायला लावला आणि त्यात ते फूल खोवले. त्या खोप्याने तिचा चेहरा आणखीच ओढल्यासारखा दिसू लागला. हे मला शोभत नाही, असे तिने एकदा सांगून पाहिले. तुझ्या आईला शोभत होते, असे राजा म्हणाला. बिचारीने मान खाली घातली आणि रोज तसाच खोपा घालून घेतला. बापाला बरे वाटते, एवढ्यावरच ती दिवस काढीत होती. हळूहळू तिचे कपाळ पुसले गेले, मग गाल, मग हनुवटी. दासी तिलाच विचारू लागल्या, की राजकन्या कुठे आहे. आणि फूल केसांतून काही केल्या निघेना.

अखेर राणीचा पाळीव राघू राजाजवळ आला.

"महाराज, राणीसाहेब गेल्याच. आता मुलगीही चालली आहे, तुमच्या डोळ्यांदेखत."

राजाने मुलीकडे नीट पाहिले. खोप्याखाली कुणीच नव्हते. तो घाबरून कालकंठाकडे धावला. मांत्रिकाने सांगितले, की फुलाने खाल्लेला तो चेहरा अरण्यातल्या तीन पाखरांनी वाटून घेतला आहे. तो सोडवून आण, आणि त्या चेहऱ्याला साजतील असे केस तुझ्याच हातांनी बांध, म्हणजे फूल गळेल. मात्र पाखरे मोबदला मागतील.

राजा एकटाच निघाला. पिंपळावरच्या घुबडाजवळ मुलीचे कपाळ होते. घुबडाने राणीच्या हसण्याची आठवण मागितली. राजाने दिली, आणि ते हसणे त्याच्या मनातून गेले. तळ्याकाठच्या बगळ्याने गालांसाठी राणीचा आवाज मागितला. राजाने तोही दिला, पण रडत दिला. हनुवटी कड्यावरच्या गरुडापाशी होती.

"मला राणीचा चेहरा हवा," गरुड म्हणाला.

"माझ्यापाशी तेवढाच उरला आहे."

"मग परत जा."

राजा कड्यावर बसून राहिला. डोळे मिटून त्याने तो चेहरा मनभर पाहून घेतला आणि गरुडाच्या स्वाधीन केला.

राजवाड्यात येताच त्याने मृणालवतीला समोर पाटावर बसवले. कपाळ, गाल, हनुवटी पुन्हा जागच्या जागी आली. बापाने आजवर त्या चेहऱ्याकडे असे कधी पाहिलेच नव्हते. कपाळ उंच, गाल खोलगट, हनुवटी निमुळती. त्याने खोपा सोडला. विंचरण्याची सवय नव्हती. गुंता ओढला गेला, तसा तो हळूहळू सोडवू लागला. त्याने कपाळावर बटा सोडल्या, गाल भरलेले दिसावेत म्हणून कानांवर केस सैल ठेवले आणि मानेवर खाली अंबाडा बांधला. सोन्याचे फूल गळून पडले आणि त्याची माती झाली.

दासींनी राजकन्येला ओळखले. जिने तिने आपल्या चेहऱ्याला शोभतील तसे केस बांधावे, अशी दवंडी राज्यात फिरली, आणि बायका हौसेने आरशांपुढे बसल्या.

मृणालवतीनेही आरशात पाहिले. स्वतःला ओळखून तिला रडू आले.

"बाबा, मी थोडी तरी आईसारखी दिसते का?"

राजाने पुष्कळ आठवून पाहिले.

"ठाऊक नाही, बाळ," तो म्हणाला. "तुझी आई कशी दिसत होती, ते आता तूच मला सांग."