राजकवींचा मोर

विषय : राजकवींना स्फूर्ती पुरवण्याबाबत.
संदर्भ : राजकवींचा अर्ज.

उपरोक्त विषयी सादर की, फार पूर्वी, म्हणजे तेव्हाचे कारकूनही निवृत्त होऊन गेले इतक्या पूर्वी, एका राज्यात रीत होती : राजघराण्यात मूल जन्मले की त्याच्यासाठी नवे पाळणागीत रचायचे. गीत नाही तर बारसे नाही, बारसे नाही तर नाव नाही.

राजपुत्र जन्मला. राजकवींना ओळ सुचेना. बारसे दोनदा पुढे गेले. दरबारात बाळाचा उल्लेख 'सदरहू बालक' असा होऊ लागला. शेवटी राजाने निरोप धाडला, "परवा पौर्णिमेला बारसे. गीत नसेल, तर कविराजांची हत्तीखान्यात बदली."

कवींनी तातडीने लिहायला घेतले. गीत नव्हे, अर्ज. स्फूर्तीसाठी कमळांचे तळे, चंदनी झोपाळा आणि नाचता मोर मिळावा. खजिनदारांनी शेरा मारला, 'मोर नाचत असलेला हवा की नाचू शकणारा, याचा खुलासा व्हावा.'

खुलासा घेऊन कवी राजवाड्यात गेले. दाई तापाने पडली होती. राणीसाहेब स्वतः पाळणा हलवत होत्या आणि बाळ टाहो फोडत होते.

"कविराज, गीत?"

"मोर आला की लगेच, राणीसाहेब."

"तोवर ही दोरी धरा. माझा हात भरून आलाय."

कवींनी खुलासा पाळण्यात ठेवला आणि दोरी ओढली. कडी कुरकुरली. ते सवयीने पुटपुटले, "कुरकुर करते कडी..." बाळ गप्प झाले. पुढच्या ओळीसाठी कवी भारदस्त शब्द शोधत थांबले. बाळाने पुन्हा सूर लावला.

"थांबू नका हो!"

"पण शब्द फारच साधे येताहेत!"

"त्याला कुठे कळतंय? म्हणा!"

कवी म्हणत राहिले. कडीवर, माशीवर, हत्तीखान्यावरसुद्धा. पुष्कळसे टाकाऊच होते. दिवेलागणीला मात्र ओळी आल्या :

नाव नाही अजून तुला, तरी हाकेला हसतोस,
नावाआधी कसा रे तू आईला ओळखतोस?

राणीसाहेबांनी लोडावरून मान उचलली. "हे पुन्हा म्हणा," त्या हलकेच म्हणाल्या.

पौर्णिमेला बायकांनी तेच गीत गायले आणि बालकाला नाव मिळाले.

तात्पर्य : स्फूर्ती वाट पाहणाऱ्याकडे येत नाही, हात चालता ठेवणाऱ्याकडे येते.

खुलासा बाळाने भिजवल्यामुळे कवींचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.